अधिवेशन संपले, आमदारांचे पत्रक आले: ते कसे वाचावे आणि पुढचे पत्र कसे लिहावे

मुंबईचे अर्थसंकल्पी व पावसाळी किंवा नागपूरचे हिवाळी अधिवेशन आटोपले की सोलापुरात आमदारांची पत्रके फिरू लागतात. ‘लक्षवेधी मांडली’, ‘निधी मंजूर’, ‘विधेयक संमत’. पत्रक वाचताना विशेषणे सोडा आणि क्रियापद धरा. काम कुठल्या पायरीवर आहे ते क्रियापदच सांगते, आणि त्या पायरीचा क्रमांक व तारीख मागता येते.

आधी पत्रक आपल्याच आमदारांचे आहे ना, ते पाहा. जिल्ह्यात विधानसभेचे ११ मतदारसंघ आहेत. शहरात राहतो म्हणजे आमदार उत्तर किंवा मध्यचाच, असे नाही. जुळे सोलापूरसह हद्दवाढ भागाचा मोठा पट्टा सोलापूर दक्षिणमध्ये येतो. मतदार यादीवर मतदारसंघाचा क्रमांक छापलेला असतो: शहर उत्तर २४८, शहर मध्य २४९, दक्षिण २५१.

विधेयक असेल तर

‘मांडले’ म्हणजे पुरःस्थापित झाले, सभागृहापुढे ठेवले गेले, एवढेच. त्यानंतर विचारार्थ चर्चा, खंडशः (एकेका कलमावर) विचार, संमती, मग दुसरे सभागृह, मग राज्यपाल. काही विधेयके पुढे राष्ट्रपतींकडेही जातात. महिला व बालकांवरील अत्याचारांना कडक शिक्षेसाठीचे शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी संमत केले, राष्ट्रपतींच्या संमतीसाठी ते पाठवले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणून ‘संमत’ हा शब्द दिसला की तीन गोष्टी विचारा: राज्यपालांची किंवा राष्ट्रपतींची संमती मिळाली का, राजपत्रात अधिनियम क्रमांक आला का, अंमल कोणत्या तारखेपासून?

विधेयक विधानमंडळाच्या संकेतस्थळावर मराठीत मिळते. शोधताना नाव नको, क्रमांक वापरा. तो ‘सन २०२४ चे विधानसभा विधेयक क्रमांक ३३’ अशा धर्तीवर असतो. वाचायला मागून सुरुवात करावी. शेवटी ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असते, त्यात सरकारला काय हवे आहे ते साध्या भाषेत येते. ‘वित्तीय ज्ञापन’ खर्च सांगते. बहुतेक जण ‘वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचे ज्ञापन’ गाळतात, पण तेच नीट वाचायला हवे: कोणत्या बाबी पुढे नियमांनी ठरणार, म्हणजे सभागृहाबाहेर ठरणार, हे तिथे लिहिलेले असते. सुधारणा विधेयक असेल तर मूळ अधिनियम शेजारी उघडा. नाहीतर ‘या मजकुराऐवजी हा मजकूर’ यातून काहीच उलगडत नाही.

नागरिकाला आत शिरायची खरी फट असते ती विधेयक समितीकडे गेल्यावर. वर ज्याचा क्रमांक दिला ते विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरला मांडले गेले आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. समितीने सूचना मागवल्या, बारा हजारांहून अधिक आल्या, आणि जुलै २०२५ मध्ये ते बदलांसह संमत झाले. सूचना पाठवताना खंड क्रमांक, आक्षेप आणि तुम्हाला हवे असलेले पर्यायी शब्द, तिन्ही लिहा. नुसता ‘तीव्र विरोध’ समितीला मसुद्यात कुठेही बसवता येत नाही.

प्रश्न, लक्षवेधी, औचित्य

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला लेखी उत्तर. लक्षवेधीवर (तातडीच्या सार्वजनिक विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणाऱ्या सूचनेवर) मंत्र्यांना निवेदन करावे लागते, पण सूचना दिल्या जातात त्या मानाने चर्चेला थोड्याच येतात. त्यामुळे ‘लक्षवेधी दिली’ आणि ‘लक्षवेधीवर उत्तर मिळाले’ यांत फार अंतर आहे. औचित्याच्या मुद्द्याला (सदस्याने अध्यक्षांच्या परवानगीने मांडलेल्या विषयाला) तिथल्या तिथे उत्तर मिळेलच असे नाही. पत्रकात ‘उपस्थित केला’ एवढेच असेल, तर उत्तराची प्रत मागा.

‘निधी मंजूर’

सर्वांत जास्त गैरसमज इथे होतो. क्रम असा: अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत (वर्षाच्या मध्ये मागितलेल्या जादा खर्चात) तरतूद, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. आदेश निघेपर्यंत रस्त्यावर खडी पडत नाही. प्रशासकीय मान्यता झाली असेल तर तिचा शासन निर्णय असतो आणि त्यावर १८ अंकी सांकेतांक. तो मागा आणि शासनाच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. काम आमदार स्थानिक विकास निधीतले (वर्षाला ५ कोटी) असेल तर मान्यता जिल्हास्तरावर होते. चौकशी जिल्हा नियोजन कार्यालयात करा.

आता तुमचे पत्र

काम कोणाचे ते आधी ठरवा. रेल्वे, विमानसेवा, राष्ट्रीय महामार्ग हे केंद्राकडे, म्हणजे खासदारांकडे. गल्लीतली गटार महापालिकेकडे. उजनी धरणातून कालव्याला पाणी सोडण्याची पाळी कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते, त्यासाठी विधेयक लागत नाही. न्यायालयात चालू असलेले प्रकरण सहसा सभागृहात घेता येत नाही.

विधानमंडळाचे प्रश्न ‘हे खरे आहे काय’ या साच्यात छापले जातात. पत्र त्याच साच्यात बसेल असे लिहा. ‘आमच्याकडे पाण्याची फार बोंब आहे’ यातून प्रश्न तयार होत नाही. ‘अमुक नगरात १ ते ३० एप्रिल या काळात ६ वेळाच पाणी आले, झोन कार्यालयात अमुक तारखेला तक्रार केली, तक्रार क्रमांक अमुक’ यातून होतो. असे तपशील नसले की उत्तर येते ‘हे खरे नाही’, आणि पुढच्या सगळ्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. तिथे प्रश्न मरतो.

एका पत्रात एकच विषय, एक पान, सोबत कागदांच्या प्रती. आमदारांच्या कार्यालयात दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात. म्हणून हिवाळीसाठी ऑक्टोबर, अर्थसंकल्पीसाठी जानेवारी आणि पावसाळीसाठी एप्रिल धरून चाला. अधिवेशन सुरू झाल्यावर आलेले पत्र बहुधा पुढच्या खेपेला जाते.

मंत्र्यांनी सभागृहात ‘करू’ म्हटले असेल तर ते आश्वासन ठरू शकते आणि त्याच्या पूर्ततेवर आश्वासन समितीची नजर असते. कामकाजाच्या अहवालातला तो उतारा काढा, तारखेसह आमदारांना द्या आणि पूर्ततेची स्थिती विचारा. उत्तर नाही आले तर संबंधित विभागाकडे १० रुपये शुल्काचा माहिती अधिकार अर्ज टाका. ३० दिवसांत उत्तर अपेक्षित आहे. अर्जात ‘का झाले नाही’ असे विचारू नका. ‘या आश्वासनावर केलेल्या कार्यवाहीच्या नस्तीची (फाइलची) प्रत द्यावी’ असे लिहा.