जॉन मार्स्टनवर लघुप्रबंध करताना

एम.ए. इंग्रजीला लघुप्रबंधाचा विषय निवडायची वेळ आली की अर्धा वर्ग शेक्सपिअरकडे धावतो. मी त्याच्याच काळातला नाटककार जॉन मार्स्टन घेतला. त्याच्यावरचं महत्त्वाचं लेखन वाचून संपतं तरी. शेक्सपिअरवरचं सात जन्मांत संपायचं नाही. यंदा कोणी मार्स्टन घेणार असेल तर हे वाचा.

आधी त्याचं आयुष्य, कारण खरी मजा तिथेच आहे. ऑक्टोबर १५७६ मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या वॉर्डिंग्टनला त्याचा बाप्तिस्मा झाला. वडील लंडनच्या मिडल टेम्पल या वकिलांच्या संस्थेतले वकील. ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजातून १५९४ साली बी.ए. होऊन पोरगा कायदा शिकायला मिडल टेम्पलमध्येच आला आणि उपहासकविता लिहू लागला. जून १५९९ मध्ये आर्चबिशपांच्या हुकमाने त्या जाळल्या गेल्या. त्याच वर्षी वडील वारले. मृत्युपत्रात त्यांनी कायद्याची पुस्तकं मुलाच्या नावे केली आणि पुढे म्हटलं की हा यांचा उपयोग करील अशी आशा होती, पण माणूस योजतो एक आणि देव घडवतो दुसरंच.

त्याच सुमाराची एक नोंद जरूर बघा. नाटकांचा धंदा करणाऱ्या फिलिप हेन्स्लोच्या हिशेबवहीत २८ सप्टेंबर १५९९ ला ‘नवा कवी मॅक्सटन’ याला ४० शिलिंग इसार दिल्याचं लिहिलंय. नाव चुकलं म्हणून वर ‘मास्टोन’ अशी दुरुस्ती, तीही धड नाही. नाटकाच्या नावाची जागा तर कोरीच! धडपड्या नाटककार म्हणजे काय, हे मला चार प्रस्तावना वाचून कळलं नव्हतं तेवढं या एका नोंदीत कळलं. मात्र त्याला उपाशी कलावंत करू नका. घरचं बरं होतं.

मग सेंट पॉलच्या मुलांच्या नाटकमंडळीसाठी त्याने लिहिलं, आणि बेन जॉन्सन या दुसऱ्या नाटककाराशी वाजलं. १६०१ मध्ये जॉन्सनने एका नाटकात मार्स्टनसारखं पात्र आणून त्याला रंगमंचावर त्याचेच अवजड शब्द ओकायला लावले. तरी १६०४ मध्ये मार्स्टनने आपलं ‘द मॅलकंटेंट’ हे नाटक जॉन्सनलाच अर्पण केलं. वर्षभरात दोघांनी जॉर्ज चॅपमन या नाटककाराबरोबर मिळून ‘ईस्टवर्ड हो’ हे नाटक लिहिलं, त्यात स्कॉटिश लोकांची टिंगल केली. राजा स्वतः स्कॉटिश! जॉन्सन आणि चॅपमन तुरुंगात गेले.

इथे नवख्यांची गाडी घसरते. जॉन्सनने पुढे १६१८-१९ च्या हिवाळ्यात ड्रमंड नावाच्या कवीला सांगितलं की तिघेही आत होतो. पण तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांत दोघेच दिसतात, आणि चॅपमन तर राजाला लिहितो की आक्षेपार्ह मजकूर म्हणजे दोनच वाक्यं, तीही आमची नव्हेत. मग कोणाची, हे तुम्हीच ओळखा. मार्स्टनला मी बदडलं, त्याचं पिस्तूल हिसकावलं, हेही जॉन्सननेच ड्रमंडला सांगितलेलं. ही सगळी माहिती एकाच तोंडून आलेली, तेही जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या. वापरा, पण ‘जॉन्सनच्या म्हणण्यानुसार’ हे शब्द गाळू नका.

जून १६०८ मध्ये मार्स्टन न्यूगेटच्या तुरुंगात गेला. याच सुमाराला त्याने ब्लॅकफ्रायर्सच्या नाटकमंडळीतला आपला हिस्सा विकला, १६०९ च्या सप्टेंबरात डीकन (पाद्रीच्या खालची पायरी) आणि नाताळच्या आदल्या दिवशी पाद्री झाला. एक नाटक अर्धवट राहिलं, ते दुसऱ्यांनी पुरं केलं. बहुतेक विद्यार्थी इथे बेधडक ‘त्याला पश्चात्ताप झाला’ लिहून मोकळे होतात. याला त्याच्या हातचा एका ओळीचाही पुरावा नाही. शिवाय त्याचे सासरे विल्यम विल्क्स हे राजाच्या पदरी असलेले पाद्री होते. सासऱ्यांची प्रवचनं मार्स्टन लिहितो आणि मार्स्टनची विनोदी नाटकं सासरे, अशी जॉन्सनची कोटीही आहे. तुरुंग, सासर, धंदा, श्रद्धा, सगळ्या शक्यता मांडा आणि थांबा. आमच्या मार्गदर्शक बाईंनी माझ्या कच्च्या प्रतीत याच प्रकरणावर सर्वांत कमी लाल रेघा मारल्या.

१६१६ पासून १६३१ पर्यंत तो तेव्हा हॅम्पशायरमध्ये असलेल्या क्राइस्टचर्च गावी होता. १६३३ मध्ये त्याच्या नाटकांचा संग्रह निघाला, तर त्याने त्यावरून स्वतःचं नाव काढायला लावलं. पुढच्या वर्षी तो लंडनला वारला.

वाचायला ‘द मॅलकंटेंट’पासून सुरुवात करा. बुलन या संपादकाने १८८७ मध्ये काढलेले मार्स्टनच्या लेखनाचे तीन खंड इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहेत. पण अवतरणांसाठी अलीकडची टीपांसह आवृत्ती मिळवा. ‘अँटोनिओज रिव्हेंज’ हे त्याचं नाटक मागाहून घ्या. ते शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’च्या फार जवळ जातं, आणि कोणी कोणाचं उचललं हा वाद जुना आहे. लघुप्रबंधात त्यात शिरलात तर अख्खं सेमिस्टर तिथेच जाईल.