बायकांच्या आहाराची प्रश्नावली बरोबर मोजते का, ते तपासायचं कसं

थिसिससाठी फूड फ्रिक्वेन्सी प्रश्नावली (कुठला पदार्थ किती वेळा खाता, हे विचारणारी यादी) वापरताय ना, मग आधी व्हॅलिडेट करा, म्हणजे ती खरंच बरोबर मोजते का ते दुसऱ्या मोजणीशी ताडून बघा, प्लीज. दुसरीकडची यादी उचलून नुसती मराठी केली तर त्यात पिठलं नसतं, राजगिरा नसतो, आणि रोजच्या भाजीतलं शेंगदाण्याचं कूट कुठेच धरलं जात नाही.

रीत जुनीच आहे, हार्वर्डच्या विलेट यांच्या टीमने 1985 मध्ये छापलेली. बोस्टन भागातल्या 173 नर्सेस, 61 पदार्थांची प्रश्नावली, ती वर्षाच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा भरून घेतली आणि मधे चार वेळा प्रत्येकीने आठवडाभर खाल्लेलं सगळं वजन करून लिहून ठेवलं. आपल्याकडे एवढं जमत नाही, मग 24 तासांचे रिकॉल (काल दिवसभरात काय काय खाल्लं ते आठवून सांगायचं) घ्या, पण एकदाच घेऊन थांबू नका, वेगवेगळ्या ऋतूंत घ्या, त्यात रविवार हवा, चतुर्थी-एकादशीचा उपास हवा, श्रावण हवा. पहिली प्रश्नावली रिकॉलच्या आधीच भरून घ्यायची, कारण चारदा विचारलं की बाई आपल्या खाण्याकडे लक्ष द्यायला लागते आणि मग उत्तरं बदलतात.

खरी मेहनत घरात बसून विचारण्यात आहे. ती "एक वाटी" म्हणाली तर तिचीच वाटी मागा, पाणी भरून मेजरिंग कपात ओता, किती एमएल ते लिहा. तेल ताटात दिसत नाही, म्हणून महिन्याला किती लागतं आणि जेवणारी माणसं किती ते विचारा. आणि सगळ्यांची पानं उठल्यावर काय खाल्लं हे वेगळं विचाराच: कढईला लागलेली भाजी, पोराच्या ताटातला उरलेला भात, सकाळची अर्धी भाकरी. हे ती आपणहून सांगत नाही, सासूबाई शेजारी असतील तर नाहीच नाही, म्हणून शक्यतो एकटी असताना बोला.

न्यूट्रिएंट काढायला हैदराबादच्या एनआयएनचे (राष्ट्रीय पोषण संस्थेचे) 2017 चे फूड टेबल वापरा, त्यात कुठल्या पदार्थात काय किती असतं ते दिलंय. मग एनर्जी अ‍ॅडजस्ट करून, म्हणजे एकूण कॅलरीतला फरक बाजूला काढून, प्रश्नावली आणि रिकॉलच्या आकड्यांचं कोरिलेशन बघा (दोन्ही किती एकसारखे वर-खाली होतात; 1 म्हणजे अगदी जुळतात). त्या नर्सेसमध्येसुद्धा हे कोरिलेशन सप्लिमेंट (व्हिटॅमिनच्या गोळ्या) सोडून व्हिटॅमिन ए ला 0.36 आणि सप्लिमेंट धरून व्हिटॅमिन सी ला 0.75 होतं, म्हणजे प्रत्येक न्यूट्रिएंटचा आकडा वेगळा द्यायचा, सगळ्यांचा मिळून एक नाही. नुसतं कोरिलेशन पुरत नाही हां! प्रत्येकीने निम्मंच सांगितलं तरी ते 1 येऊ शकतं, म्हणून ब्लँड-आल्टमन प्लॉट (दोन मोजण्यांत प्रत्येकीमागे किती फरक पडतो ते दाखवणारा आलेख) काढा, आणि कमी ते जास्त असे चार सारखे गट (क्वार्टाइल) केले तर किती जणी दोन्ही मोजण्यांत त्याच गटात पडतात तेही बघा.

अजून एक, रिकॉलही आठवणीवरच चालतो, त्यामुळे रिकॉल आणि प्रश्नावली दोन्हीकडे चूक एकाच दिशेची असू शकते. अमेरिकेतल्या ओपन (OPEN) नावाच्या स्टडीत डबली लेबल्ड वॉटरशी (हे खास पाणी पाजून शरीर खरंच किती कॅलरी खर्च करतं ते मोजतात) ताडून पाहिलं तेव्हा बायकांनी रिकॉलमध्ये 16 ते 20 टक्के आणि प्रश्नावलीत 34 ते 38 टक्के कॅलरी कमी सांगितल्याचं दिसलं. ते पाणी महाग असतं, पण थोड्या जणींची 24 तासांची लघवी जमवून नायट्रोजन तपासला (खाल्लेल्या प्रोटीनमधला बराचसा नायट्रोजन लघवीतून बाहेर पडतो) तरी प्रोटीनची खातरजमा होते. तेवढंही नसेल तर प्रश्नावली कोण कमी खातं, कोण जास्त, असा क्रम लावायलाच वापरा, "सरासरी इतके ग्रॅम प्रोटीन" असं तिच्यावरून छापू नका.