उताराची वाट खालून वर घाला

आमचं घर गोव्यात सावई-वेऱ्यात, टेकाच्या अंगावर, आणि कुळागर, म्हणजे पोफळींची बाग, त्याखाली. मागच्या दारापासून पहिल्या पोफळीपर्यंत ४० फूट वाट, तेवढ्यात उतार ५ फुटांचा. पहिल्या खेपेला गवंड्यानं दारापासूनच फरशी घालायला घेतली. प्रत्येक फरशीखाली सिमेंट-वाळूच्या मालाचे पाच गोळे, चार कोपऱ्यांना आणि एक मध्ये, वरून दाबलं की झालं. दोन दिवसांत काम उरकलं म्हणून मीही खूश.

गणेश चवथीच्या आदल्या दिवशी दीर गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी सुपारीचा घोस घेऊन वर येत होते. एका फरशीवर पाय पडला, ती डुगडुगली आणि फटीतून लाल पाण्याची पिचकारी थेट त्यांच्या धोतरावर. म्हणाले, "वहिनी, ही वाट आहे की होडी?"

गोळ्यांच्या मधल्या पोकळीत पाणी शिरलं होतं, त्यानं खालची माती धुऊन नेली. आणि सगळ्यांत खालच्या फरशीला टेकायला काहीच नव्हतं, त्यामुळे ती सरकली आणि मागोमाग बाकीच्या. पुढच्या जानेवारीत सगळं उकरलं आणि पुन्हा घातलं. या वेळी रोज मी उभी. काम जानेवारी ते मार्चमध्येच उरका. मे महिन्यात वळवाची एक सर आली तरी ओला माल वाहून जातो.

आधी उतार मोजा. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, बुडबुडा एकही राहता नये, आणि दोन टोकांना धरून खुंट्यांवर खुणा करायच्या. ४० फुटांत ५ फूट म्हणजे आठास एक. पावसाळ्यात एवढ्या उतारावर चप्पल टिकत नाही. म्हणून मध्ये ६-६ इंचांच्या तीन पायऱ्या घेतल्या, पाय ठेवायला दीड-दीड फूट. उरलेला उतार साडेतीन फुटांचा, तो चालतो. तिन्ही पायऱ्या एकत्रच घ्या. एक इथे, एक तिथे अशी विखुरली की अंधारात माणूस हमखास ठेचकाळतो.

खोदाई पावणेसात इंच: ४ इंच खडी, दीड इंच माल, सव्वा इंच फरशी. खडी पाणी मारून धुमसानं चोपा, दोन थरांत. इथे कंटाळा केलात तर वरची सगळी मेहनत फुकट.

मग सगळ्यांत खालच्या टोकाला एक आखा चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा ठोकळा, आडवा, जमिनीत अर्धा गाडून, सिमेंटात पक्का बसवा. दोन्ही कडांनाही चिरे. पहिली फरशी या आडव्या चिऱ्याला टेकते, दुसरी पहिलीला, असं करत दारापर्यंत वर यायचं. गवंडी कुरकुरेल, कारण खालून वर काम करताना माल वाहायला लांब पडतो. कुरकुरू द्या.

फरशी शहाबादीच घ्या, पण वरचा भाग खडबडीत असलेली. घोटलेली कडप्पा दिसते छान, पावसात मात्र तिचा साबण होतो. शहाबादी हा चुनखडीचा दगड, त्यामुळे पुढेमागे सिमेंटचे डाग काढायला कुणी ॲसिड सुचवलं तर ऐकू नका. दगड खाल्ला जातो.

माल एकास पाच, म्हणजे एक भाग सिमेंटला पाच भाग वाळू, आणि कोरडाच म्हणावा इतका. मुठीत दाबला तर लाडू वळला पाहिजे, बोटांतून पाणी सुटता नये. पातळ माल उतारावर फरशीसकट खाली घसरतो. तो संपूर्ण तळाला पसरा, गोळे नाहीत. फरशीच्या पाठीला सिमेंटची खळ ब्रशनं लावा, ठेवा आणि रबरी हातोड्यानं ठोका. नंतर बोटाच्या पेरानं वाजवून पाहा, बाजारात माठ पारखतो तशी. बद्द, पोकळ आवाज आला की ती फरशी उचलायची, खाली माल भरायचा. माझ्या वाटेत अशा नऊ उचलाव्या लागल्या, आणि नवव्या वेळी गवंडी माझ्याशी बोलेनासा झाला.

आडवा उतारही ठेवा: ३ फूट रुंदीला पाऊण इंच, घराच्या उलट बाजूला. त्या बाजूनं उघडा चर काढा. आमचा चर पोफळींच्या आळ्यात सोडलाय. सांधे १० मिलिमीटरचे, आणि विटांच्या भिंतीसारखे मोडून. ते वरून खाली एका रेषेत आले तर पावसाचं पाणी तीच वाट धरतं. सांध्यांत एकास तीन माल घट्ट दाबून भरा.

सात दिवस ओली गोणपाटं घाला, त्या दिवसांत गुरं आणि मुलं दोन्ही दूर ठेवा. मी वाटेच्या दोन्ही तोंडांना माडाची झावळी आडवी टाकली होती. तरी मांजर चालून गेलंच, आणि पाचव्या फरशीजवळच्या सांध्यात त्याचे चार पंजे अजून आहेत.

पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन वाटेवर उभ्या राहा. पाणी कुठे साचतं, चर कुठे तुंबतो, ते तेव्हाच दिसतं. आमच्याकडे तिसऱ्या पायरीच्या पायथ्याशी डबकं झालं. तिथे चराकडे बोटभर रुंदीची खाच छिनीनं मारून घेतली. शेवाळासाठी श्रावणात आठवड्यातून एकदा माडाच्या हिरांचा खराटा पुरतो.