जेसीबी येण्याआधी: फुटपाथच्या पाहणीची तयारी

वस्तीतल्या रस्त्याचं काम मंजूर झालं की आधी फलक लागतो, मग नारळ फुटतो, आणि दिव्यांगांच्या सोयीची आठवण येते ती काँक्रीट पडून क्युअरिंगचं पाणी वाळल्यावर. तोवर सगळं पक्कं झालेलं असतं. चुन्याची फक्की मारलेली असताना रेघ हातभर सरकवायला काही खर्च येत नाही. तीच रेघ कर्ब, म्हणजे फुटपाथच्या कडेचा दगड, बसल्यावर सरकवायची तर काँक्रीट फोडायचा ब्रेकर मागवावा लागतो, आणि ब्रेकरचे पैसे अंदाजपत्रकात कुणी धरलेले नसतात. म्हणून खाली सांगितलेली सगळी तयारी नारळाच्या आधीची आहे.

सुरुवात कागदांपासून करा. रस्ता कोणाचा ते आधी शोधा, कारण नागपुरात एकाच चौकाला महापालिका, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), सार्वजनिक बांधकाम विभाग अशा दोन-तीन मालकांचे रस्ते येऊन मिळतात आणि पाहणीच्या दिवशी प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. महापालिकेचा असेल तर दहा झोनपैकी आपल्या झोनच्या ऑफिसातून अंदाजपत्रक, नकाशा आणि कार्यादेशाची प्रत मागा. सरळ मिळाली तर उत्तम, नाही तर 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज. उत्तराला 30 दिवस लागू शकतात, ते धरून चला. याच कायद्याच्या कलम 2 मध्ये चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही दिलेला आहे. अर्जात तेही लिहून टाका. अंदाजपत्रक हाती आलं की शेवटची रक्कम बघू नका, बाबी वाचा. कर्ब रॅम्प (रस्त्यावरून फुटपाथवर चढायचा उतार), टॅक्टाइल टाइल्स (न दिसणाऱ्यांना पायाने किंवा काठीने कळतील अशा उठावाच्या), काम सुरू असताना पायी जाणाऱ्यांसाठी पर्यायी वाट, या तीन गोष्टींच्या वेगळ्या ओळी आहेत का? नसतील तर ठेकेदाराशी वाद घालून उपयोग नाही. ज्याचं बिल निघणार नाही ते काम तो करणार नाही, आणि त्यात त्याचं फारसं चुकतंही नाही. अशा वेळी लेखी मागणी कनिष्ठ अभियंत्याकडे द्या आणि पोच घ्या.

फाइलमध्ये कायद्याचं एक पान हवंच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याच्या कलम 41 मध्ये दिव्यांगांना वापरता येतील अशा रस्त्यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि कलम 89 प्रमाणे कायदा मोडल्यास पहिल्या वेळी 10 हजार रुपयांपर्यंत, पुढे 50 हजार ते 5 लाखांपर्यंत दंड आहे. सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 च्या निकालात सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना जागा सहज वापरता याव्यात यासाठीचे, किमान नियम नुसते शिफारशीपुरते न ठेवता बंधनकारक करा असं केंद्राला बजावलं, आणि 14 मे 2025 ला फुटपाथवरून चालण्याचा हक्क हा घटनेच्या कलम 21 मधलाच हक्क आहे, दिव्यांगांसह, असंही सांगितलं. मापांसाठी आयआरसी 103 (इंडियन रोड्स काँग्रेसची पायी चालणाऱ्यांच्या सोयींबाबतची मार्गदर्शिका) आणि 2021 ची केंद्राची सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वं यांतली संबंधित पानं छापून ठेवा. अभियंत्यापुढे कायद्यापेक्षा आयआरसीचा आकडा जास्त चालतो, हा माझा अनुभव. कायदा दाखवला की तो सावध होतो, आयआरसी दाखवली की टेप काढतो.

आता माणसं. व्हीलचेअर वापरणारं एक जण आणि पांढरी काठी वापरणारं एक जण प्रत्यक्ष सोबत हवं. त्यांच्या वतीने बोलणारे चार जण आले तरी ते पुरत नाही. तीनचाकी हाताने चालवणारे कुणी असतील तर त्यांना नक्की बोलवा, कारण ती व्हीलचेअरपेक्षा लांब असते, वळायला जास्त जागा घेते, आणि फुटपाथवर चढता येत नाही म्हणून बहुतेक तीनचाक्या ट्रकच्या बाजूने रस्त्यावरच चालतात. सामान फार नाही: पाच मीटरचा टेप, खडू, मिस्त्री वापरतात ती पाण्याची लेव्हल नळी, 1.8 मीटर लांबीचा कापलेला बांबू, फोटोसाठी मोबाइल. मे महिना असेल तर सकाळी आठच्या आत आटपा, नाही तर व्हीलचेअरच्या लोखंडी रिमला हात लावता येत नाही. पण नुसत्या सकाळच्या पाहणीवर विसंबू नका. सकाळी बर्डीचा, म्हणजे सीताबर्डीच्या गजबजलेल्या बाजारातला, फुटपाथसुद्धा मोकळा वाटतो. संध्याकाळी सातला तिथे ठेले, दुचाक्या आणि दुकानाचे बोर्ड उभे असतात. दोन्ही वेळचे फोटो एकाच जागेवरून काढा.

रस्ता मोजायचा कुठून कुठे, तेही आधी ठरवा. सगळी लांबी मोजत बसण्यापेक्षा माणूस जिथे खरंच जातो तो मार्ग घ्या: घरापासून बस स्टॉप, रेशन दुकान, मतदानाची शाळा, मेडिकल कॉलेजची ओपीडी, मेट्रो स्टेशनची लिफ्ट. साखळी एका जागी तुटली की बाकीचा फुटपाथ असून नसल्यासारखाच.

रुंदीला बांबू वापरा. आयआरसीप्रमाणे चालायची मोकळी जागा किमान 1.8 मीटर रुंद आणि 2.2 मीटर उंच हवी. मोकळी म्हणजे खांब, झाड, विजेची डीपी, कुंडी सगळं वगळून. नकाशावर दोन मीटरचा फुटपाथ दिसतो आणि मधोमध विजेचा खांब उभा असतो. बांबू आडवा धरून चालत जा. जिथे अडला तिथे खडूने फुली आणि एक फोटो. वर बघायला विसरू नका, दुकानाच्या छपराचा पत्रा डोळ्यांच्या उंचीवर आला असेल तर तो काठीला कळत नाही, कपाळालाच कळतो.

रॅम्पवर मात्र निवांत थांबा, कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. उतार 1:12 म्हणजे एक सेंटीमीटर चढायला बारा सेंटीमीटर लांबी. कर्ब 15 सेंटीमीटर उंच असेल तर रॅम्प 180 सेंटीमीटर लांब होतो. आता फुटपाथच 1.8 मीटरचा असेल तर रस्त्याकडून आत जाणारा रॅम्प सगळी रुंदी खाऊन टाकतो, आणि सरळ चालणाऱ्याला तिथे सपाट जागाच उरत नाही. मग ठेकेदार लांबी कापून अर्ध्या मीटरचा उभा उतार देतो, ज्यावरून मागून धक्का दिल्याशिवाय कुणी चढू शकत नाही. उपाय असा की कोपऱ्यावर सगळा फुटपाथच दोन्ही बाजूंनी सावकाश खाली आणायचा आणि ओलांडायच्या जागी तो रस्त्याच्या पातळीला टेकवायचा. हे नकाशातच काढून घ्यावं लागतं. एका कोपऱ्यावर मिस्त्री मला म्हणाला, "बाई, उतार त देल्ला ना!" दिला होता, आणि घोटूनही छान गुळगुळीत केला होता. फक्त खाली रस्त्याला लागतो तिथे दोन बोटांची कड राहिली होती. व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक त्या कडेला लागून जागच्या जागी थांबलं आणि बसलेली मुलगी पुढे झुकून माझ्या हातावर आली. दोन बोटं म्हणजे काही नाही असं ज्याला वाटतं त्याला एकदा खुर्चीत बसवून बघा. रॅम्पचा शेवट रस्त्याशी सपाट हवा, पृष्ठभाग खरबरीत हवा, हे पाहणीच्या नोंदीत शब्दांत लिहून घ्या.

नागपूरकरांसाठी यात आणखी एक मेख आहे: सिमेंट रस्ता. जुन्या रस्त्यावर नवा थर चढला की रस्त्याची पातळी वर येते, पाणी कुठे कुठे घरात शिरतं, आणि आधी नीट केलेला रॅम्प एक तर खड्ड्यात जातो नाही तर उलटा उतरतो. म्हणून रस्त्याची शेवटची पातळी काय येणार ते विचारा, आणि लेव्हल नळीने भिंतीवर खूण करून ठेवा. घरांच्या फाटकांपुढे गाडीसाठी फुटपाथ तोडून उतार करायची पद्धतही इथेच थांबवा. फुटपाथ सलग राहावा आणि गाडीने चढ चढावा. शेजाऱ्यांशी थोडं वाजेल, ते धरून चला.

टॅक्टाइल टाइल्सचं काम थोडक्यात तपासता येतं. रेघांची टाइल म्हणजे चालत राहा, ठिपक्यांची म्हणजे थांब. रेघा खांबावर जाऊन धडकत असतील, किंवा गट्टू बसवणाऱ्याने सुटसुटीत दिसावं म्हणून ठिपके वाटेल तिथे टाकले असतील, तर त्या टाइल्स नसलेल्या बऱ्या. दुचाकी चढू नये म्हणून बसवलेल्या खांबांमध्ये 1.2 मीटर अंतर हवं. मुंबईत अशाच खांबांमुळे व्हीलचेअर अडते म्हणून 2023 मध्ये उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. चेंबरचं झाकण फुटपाथच्या पातळीत, आणि जाळीच्या फटी चालण्याच्या दिशेला आडव्या, एवढं बघा.

खोदकाम सुरू झाल्यावरची तयारी वेगळी. पिवळी फीत किंवा दोरी कमरेच्या उंचीवर बांधतात. काठी तिच्याखालून निघून जाते आणि पाय सरळ खड्ड्यात. जमिनीलगत आडवी फळी असलेलं घट्ट बॅरिकेड मागा. खड्ड्यावर टाकलेला लोखंडी पत्रा हलता नसावा, त्याच्या दोन्ही कडांना उतार हवा. माती आणि गिट्टीचा ढीग समोरच्या फुटपाथवर टाकू देऊ नका, कारण पर्यायी वाट नेमकी तीच असते. रात्री दिवा. पावसाळ्याच्या तोंडावर केबलसाठी खणलेला चर नुसत्या मातीने बुजवला तर पहिल्याच झडीत खचतो, तेव्हा तो दाबून भरला का ते उभं राहून बघा.

पाहणी संपल्यावर जागेवरच टिपण लिहा: ठिकाण, माप, काय बदलायचं, किती दिवसांत. अभियंता आणि ठेकेदाराच्या प्रतिनिधीची सही घ्या, टिपणाचा मोबाइलवर फोटो काढा. सही द्यायला कुणी तयार नसेल तर तेच टिपण दुसऱ्या दिवशी झोनच्या आवक कक्षात द्या. तिथे हललं नाही तर पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे. निविदेत दोष दायित्व कालावधी (बिघडलेलं काम ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत) किती आहे ते बघून ठेकेदाराची अनामत केव्हा सुटणार ती तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि त्याच्या महिनाभर आधी खुर्ची, काठी आणि बांबू घेऊन त्याच मार्गावरून पुन्हा एकदा जा.