पत्र्याच्या केबिनमध्ये हिवाळा काढताय? या चुका टाळा

पहिल्या हिवाळ्यात मी केबिनच्या छपरावर दोनदा चढलो आणि दोन्ही वेळा उगाच चढलो.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. आभाळ कोरडं ठणठणीत. पहाटे चारच्या सुमारास पोराच्या कपाळावर टपकन थेंब पडला आणि ते रडत उठलं. बायको म्हणाली, "वरनं गळूलालंय बघा." सकाळी शिडी लावून प्रत्येक स्क्रूभोवती सीलंट भरला. दुसऱ्या पहाटे पुन्हा थेंब. मग पत्र्याच्या जोडांवर डांबरी पट्टी चिकटवली. तिसऱ्या पहाटे बॅटरी घेऊन वर बघितलं. पत्र्यातून आत आलेल्या प्रत्येक स्क्रूच्या टोकाला एकेक थेंब लटकलेला, आणि अँगलच्या खालच्या कडेला ओळीनं पाणी, भाताच्या झाकणाला खालून असतं तसं. पाऊस नसताना छप्पर असं सगळीकडून सारखं गळत नाही. ते पाणी आमचंच होतं.

आमची केबिन म्हणजे रस्त्याच्या कामावर मुकादम राहतात तसली, चाकांवरची, ट्रॅक्टरनं ओढायची. सोळा फूट लांब, साडेसात फूट रुंद. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात शेतावर घराचं काम काढलं होतं. सहा महिन्यांत होईल म्हणून ही जुनी केबिन घेतली आणि तीन हिवाळे तिच्यातच गेले. घर बांधणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पोर्टा केबिन, कंटेनर, पत्र्याची खोली, काहीही असो, चुका त्याच होतात. आम्ही त्या जवळजवळ सगळ्या केल्या.

गळती समजून छप्पर दुरुस्त करणं

आधी ओळखा, गळतंय की पत्र्याला घाम फुटलाय. गळतीचा डाग एका जागी असतो, तांबूस असतो, आणि पाऊस पडला की वाढतो. घाम सगळ्या पत्र्यावर सारखा येतो, मध्यरात्रीनंतर येतो आणि सकाळी ऊन चढलं की गायब होतो. तरी शंका असेल तर वीतभर प्लॅस्टिकचा कागद आतून पत्र्याला चारी बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा. सकाळी कागद आणि पत्रा यांच्यामध्ये पाणी असेल तर ते बाहेरून आलंय. खोलीकडच्या बाजूला पाणी असेल तर ते तुमच्या श्वासाचं आणि आमटीचं.

हिशेब साधा आहे. झोपलेला माणूस श्वासातून आणि अंगातून रात्रभरात पाव ते अर्धा लिटर पाणी हवेत सोडतो. आम्ही तिघं, म्हणजे लिटरभर धरा. आमच्या केबिनमध्ये हवा साधारण २४ घनमीटर. ही हवा २० अंशांवर जास्तीत जास्त ४०० ग्रॅमच्या आसपास वाफ धरू शकते. तीच १० अंशांवर आली की सव्वादोनशे. उरलेली वाफ जाणार कुठं? सगळ्यात गार जागा शोधते आणि तिथं पाणी होऊन बसते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं रात्रीचा पारा १३-१४ वर येतो, कडाक्याच्या दिवसांत दहाच्या जवळपास. पण निरभ्र रात्री पत्रा आपली ऊब उघड्या आकाशाकडं टाकत राहतो आणि हवेपेक्षाही गार पडतो. म्हणून तर पहाटे पत्र्याच्या बाहेरच्या अंगावरही दहिवर असतं. खोलीत २० अंश आणि ७० टक्के आर्द्रता असली, तर साडेचौदा अंशांखालची कुठलीही वस्तू ओली होणार. पत्रा त्याच्या बराच खाली गेलेला असतो.

थंडी वाजते म्हणून सगळं बंद करणं

ही चूक सगळ्यांची, कारण अक्कल तेच सांगते. आम्ही खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या, दाराखाली बारदान लावलं, वरची जाळी जुन्या फ्लेक्सनं झाकली. आठवड्यात केबिनला कुबट वास, कोपऱ्यात काळी बुरशी, आणि थंडी आधीपेक्षा जास्त. ओलं अंथरूण ऊब धरत नाही.

त्यात आमच्या मामांचा सल्ला: "धुकं असताना खिडकी उघडायची नाही, ओल आत येते." मलाही पटलं होतं. मलप्रभेच्या काठानं सकाळी असं धुकं येतं की दहा पावलांवरचा बैल दिसत नाही. ते आत घ्यायचं? पण आकडे उलटं सांगतात. बाहेर १२ अंश आणि हवा ओलीचिंब, म्हणजे शंभर टक्के आर्द्रता असली, तरी तिच्यात घनमीटरला पावणेअकरा ग्रॅमच वाफ असते. ती हवा आत येऊन २२ अंशांची झाली की तिची आर्द्रता ५३-५५ टक्क्यांवर येते. आतली कोंदलेली हवा ८०-८५ वर असते. म्हणजे धुक्यातली हवासुद्धा तुमच्या खोलीपेक्षा कोरडी, फक्त तिला गरम होऊ द्यायचं. मामांचं म्हणणं पावसाळ्यात खरं आहे. तेव्हा आत-बाहेर तापमान सारखंच असतं, त्यामुळे खिडकी उघडून काही वाळत नाही. पौषात ते लागू नाही.

मग आम्ही काय केलं: एका भिंतीला वर सहा इंची एक्झॉस्ट फॅन, आणि समोरच्या भिंतीला खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, जाळीची फट. फट कायम उघडी. फॅन स्वयंपाकाच्या वेळी, झोपण्याआधी दहा मिनिटं, आणि उठल्यावर पंधरा मिनिटं. सकाळी दार-खिडकी सताड उघडून सगळी हवा एकदा बदलून टाकायची. गारठा लागतो, पण पाच-दहा मिनिटांत पत्रा सोडता बाकी वस्तू फारशा गार होत नाहीत आणि खोली पुन्हा लवकर तापते. ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळासारखं यंत्र मिळतं. ते घ्याच. आर्द्रतेचा आकडा ६० च्या खाली ठेवायचा. यंत्र नसताना आम्ही घरात रोज भांडायचो, की ओल जास्त की माझी कटकट.

वाफ आतच तयार करणं

गॅस पेटवला की फक्त उष्णता मिळते असं वाटतं. एक किलो एलपीजी जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. वर भाताची, कढणाची, अंघोळीच्या पाण्याची वाफ वेगळी. थंडीत उबेसाठी बर्नर चालू ठेवून बसणारे म्हणजे पत्र्याला पाणी पाजणारे.

आम्ही चूल आणि बंब बाहेर छपराखाली नेला. फक्त चहा आत, तोही झाकण ठेवून आणि फॅन लावून. ओले कपडे आत वाळत घालणं एकदम बंद. पोराचा शाळेचा गणवेश तेवढा अपवाद, तोही फॅनखाली. सिलिंडर बाहेर ठेवा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला तर केबिनच्या तळाशी साचतो. ती खालची फट त्यासाठीही लागते.

शेगडी आत घेणं

इथं जरा थांबून वाचा.

दुसऱ्या वर्षी संक्रांतीच्या आधी एक रात्र फार गार पडली. शेण्यांचे निखारे छान लाल झाले होते, धूर संपला होता. धूर नाही म्हणजे धोका नाही, असं समजून शेगडी दाराजवळ आत ठेवली. पहाटे उठलो तर डोकं दगडासारखं जड, मळमळ, पाय लटपटत. वाटलं, सर्दी झाली. दार उघडून बाहेर आलो आणि दहा मिनिटांत डोकं हलकं व्हायला लागलं. तेव्हा कळलं. धावत जाऊन बायको-पोराला बाहेर काढलं, आणि तसंच तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. बिनधुराचे लाल निखारे तर तो भरपूर सोडतात. कोळसा, शेणी, लाकूड, सगळं सारखंच. आत गेल्यावर डोकं दुखतं आणि बाहेर आल्यावर बरं वाटतं, ही खूण लक्षात ठेवा. घरातल्या दोघा-तिघांना एकदम तसं झालं तर सर्दी समजू नका. बाहेर पडा आणि डॉक्टर गाठा. खिडकी थोडी उघडी ठेवली तर चालेल का, असं विचारणारे असतात. नाही चालणार. केबिनमध्ये काहीही पेटवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बॅटरीवर चालतो, तो लावला तरी नाही.

मग ऊब कशानं? हिटर २००० वॅटचा असला तर तासाला दोन युनिट खातो, आणि शेतावरच्या विजेचा भरवसा किती ते तुम्हाला माहीत आहे. खोली तापवण्यापेक्षा माणूस तापवावा. रबरी पिशवीत गरम पाणी भरून पायाशी ठेवावी. खाली वाकळ, वर घोंगडं. लोकर थोडी दमट झाली तरी ऊब सोडत नाही, हा तिचा मोठा गुण. जाड मखमली ब्लँकेट दिसायला छान, पण दमट झालं की गारगार लागतं.

थर्माकोल चिकटवलं की झालं, असं समजणं

आम्ही बेळगावच्या उद्यमबागेतून थर्माकोलची पानं आणली आणि आतून भिंतींना लावली. महिन्याभरात एक पान सुटलं. मागं पत्रा ओला, थर्माकोलच्या पाठीवर काळे ठिपके. पानांच्या सांध्यांतून वाफ मागं गेली आणि तिथं आम्हाला न दिसता पाणी झाली. शिवाय चौकोनी पाइप आणि अँगल उघडेच राहिले होते. लोखंडातून थंडी सरळ आत येते, म्हणून त्या रेषेत थेंब तसेच.

तेव्हा पानं पत्र्याला पूर्ण चिकटवा, मध्ये पोकळी ठेवू नका. सांधे ॲल्युमिनियमच्या टेपनं बंद करा. अँगल आणि स्क्रूची टोकंही झाका, निदान फोमच्या पट्टीनं. वरून प्लाय मारा, कारण उघडं थर्माकोल झटकन पेट घेतं आणि जळताना विषारी धूर सोडतं. आधी छप्पर, मग भिंती, असा क्रम ठेवा. पैसे अर्ध्यात संपतात हे गृहीत धरून सांगतोय.

आमच्या बांधाजवळ ऊसतोडणीची टोळी उतरते. त्यांच्या पाचटाच्या खोपटात मी डिसेंबरात गेलोय. गारठा असतो, पण आत एक थेंब नाही. पाचट ओल पिऊन बाहेर सोडतं. त्याच खोपटावर आता निळी ताडपत्री टाकली की आतून पाणी ठिबकतं. आमच्या केबिनचंही दुखणं तेच.

गादी थेट प्लायवर टाकणं

हे आम्हाला सर्वांत उशिरा कळलं. पोराचा खोकला जाईना म्हणून गादी उलटली, तर खालची बाजू हाताला ओली लागली आणि प्लायवर अंगाच्या आकाराचा काळा डाग. अंगाची वाफ कापसातून खाली जाते आणि गार प्लायला टेकल्यावर पाणी होते. आता पट्ट्यांची खाट आहे, भिंतीपासून चार बोटं लांब. गादी एक दिवसाआड उन्हात. ट्रंकही भिंतीला टेकवायची नाही. आमच्या ट्रंकेत शेताचा उतारा होता. तो आधीच कन्नडात, वाचायला कुणाला तरी गाठावं लागतं. त्यात ओलीनं शाई पसरली, मग वाचणाराही हरला.

मिठाच्या वाट्या, चुना, ओल शोषणाऱ्या डब्या यांवर फार भिस्त ठेवू नका. बंद ट्रंकेत त्या ठीक, पण रात्री लिटरभर पाणी जिथं येतं तिथं डबी काय करणार.

खालची बाजू विसरणं

केबिन चाकांवर, म्हणजे खालून वारा. आम्ही चारी बाजूंनी पेंढा रचला. उंदीर आले, आणि उंदरांमागं काय येतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. पेंढा काढला, जुन्या फ्लेक्सचा पडदा लावला, खालच्या जमिनीवर प्लॅस्टिक अंथरलं म्हणजे मातीची ओल वर येत नाही. पडद्याला समोरासमोर दोन भोकं ठेवली, नाहीतर खालचा प्लायच सडतो.

आणि एक, विजेचं. बोर्ड पत्र्याच्या भिंतीवर असेल तर घामाचं पाणी ओघळत त्यात शिरतं. आमच्या स्विचमधून एका सकाळी चरचर ऐकू आली. पूर्ण केबिन लोखंडाची, करंट उतरला तर दाराच्या कडीलाही उतरतो. बोर्ड लाकडी फळीवर, भिंतीपासून सुटा घ्या. अर्थिंग नीट करून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, लावा. हे काम वायरमनकडूनच.

सकाळी उठल्यावर काच आणि उघडं लोखंड फडक्यानं पुसायचं आणि फडकं बाहेर पिळायचं. आत वाळत टाकलं तर तेच पाणी रात्री परत वर. पहिल्या वर्षी मी एकदा पिळून मोजलं होतं, तांब्या भरला. तिसऱ्या वर्षी वाटीभरही निघत नव्हतं.