गोदामातलं वायफाय असं सुधारलं

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गोदामात पुढे ऑफिसात वायफाय झकास चालायचं, पण मागे रॅकपाशी बारकोड स्कॅनर सारखा अडकायचा. पोरं माल हातात धरून ताटकळायची, ते बघवत नव्हतं.

मोबाइलवर वायफाय ॲनालायझर (आसपासचे वायफाय, त्यांचे चॅनल आणि सिग्नलचा जोर दाखवणारं ॲप) टाकून गाळाभर फिरलो. शेजारचे बहुतेक राउटर २.४ गिगाहर्ट्झच्या ६ नंबर चॅनलवर, आमचाही तिथेच. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच धरतात: १, ६ आणि ११. आमचा ११ वर नेला, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवली, म्हणजे तो शेजारच्यांवर चढत नाही. थोडा फरक पडला.

खरा अडथळा लोखंडी रॅकचा होता. त्यांच्यामागे सिग्नल उणे ८५ डीबीएमपर्यंत घसरायचा (डीबीएम हे सिग्नलच्या जोराचं माप, आकडा शून्याकडे जितका जवळ तितका सिग्नल चांगला). दुकानदार रिपीटर घ्या म्हणाला, पण मला ते पटलं नाही. एकाच बँडवर चालणारा साधा रिपीटर तोच डेटा पुन्हा हवेतून पाठवतो, त्यात वेग साधारण निम्मा होतो. त्याऐवजी नेटवर्कची कॅट ६ केबल ओढून मधल्या वाटेवर छताला पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा डबा, लावला. वीज आणि डेटा एकाच केबलमधून जातात, वर वेगळा प्लग काढावा लागत नाही. आता तिथे उणे ६० च्या आसपास मिळतं आणि शेवटच्या कप्प्यातला मालही पहिल्या झटक्यात स्कॅन होतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं केलंय. बिलिंगचा संगणक त्यावरून दिसत नाही.