मेंढी कातरायचं मशीन बनवताय? वुल्सलीच्या काळापासून चालत आलेल्या या चुका टाळा

डिप्लोमा म्हणा, बीई म्हणा, शेवटच्या वर्षाला कुणीतरी 'मेंढी कातरायचं स्वस्त मशीन' हा प्रोजेक्ट घेतंच. विषय वाईट नाही, आपल्याकडच्या धनगरवाड्यांवर आजही बहुतेक ठिकाणी हातकातरच चालते, त्यामुळे गाईड पण लगेच हो म्हणतात. मग ड्रिलची मोटर आणायची, ग्राइंडरची फ्लेक्सिबल शाफ्ट आणायची, ओळखीच्या वर्कशॉपमधून दोन दातेरी पट्ट्या कापून घ्यायच्या आणि झालं मशीन. टेबलावर मस्त चालतं. मेंढीला लावलं की लोकर अडकते, हातातला भाग चटका बसेल इतका तापतो, मेंढी उधळते ते वेगळंच.

यातल्या बऱ्याचशा अडचणी ऑस्ट्रेलियात दीडशे वर्षांपूर्वी वुल्सली आणि त्याच्यासारखं कातरायचं मशीन बनवणाऱ्या लोकांनी भोगून झाल्यात, तर त्यांच्याकडूनच शिकू ना. खाली जे लिहिलंय ते क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही, तुमचं मशीन जिथे अडलंय तिथून सुरू करा. पण पहिला मुद्दा मात्र सगळ्यांनी वाचा.

सगळं डोकं पात्यात घालणं

सगळ्यात मोठी चूक हीच. कापणं हा या मशीनमधला अवघड भाग नाहीच. घोड्याचे केस कापायचे क्लिपर वुल्सलीच्या आधीपासून होते. फ्रेडरिक वुल्सली हा आयर्लंडचा माणूस, १८५४ मध्ये मेलबर्नला आला, मेंढ्यांच्या स्टेशनवर (तिकडे मेंढ्यांच्या मोठ्या फार्मला स्टेशन म्हणतात) काम करता करता मोठा झाला आणि पुढे न्यू साउथ वेल्समध्ये वॉलगेटजवळचं युरोका स्टेशन घेतलं. मशीनचे प्रयोग त्याने १८६८ च्या सुमाराला सुरू केले, त्याच वर्षी मेलबर्नच्या जेम्स हायमने अशा मशीनचं पेटंट घेतलं होतं. वुल्सलीचं चालतं मॉडेल १८७२ ला झालं, रॉबर्ट सॅव्हेजबरोबर पेटंट १८७७ ला, आणि तरी खऱ्या अर्थाने वापरता येईल असं मशीन हातात यायला १८८५ उजाडलं. सतरा-अठरा वर्षं! आणि त्यातसुद्धा त्याने कापायचा भाग पूर्ण नव्याने शोधत बसण्यापेक्षा जॉन हॉवर्ड नावाच्या बर्मिंगहॅमच्या मेकॅनिककडून त्याच्या घोड्याच्या क्लिपरचे हक्क सरळ विकत घेतले.

मग एवढी वर्षं गेली कुठे, तर ताकद हातापर्यंत पोचवण्यात. तेव्हा ताकद म्हणजे कातरणीच्या शेडच्या टोकाला उभं असलेलं वाफेचं इंजिन, ते काही हातात धरता येत नाही. छताखालून एक लांब शाफ्ट फिरणार, तिथून खाली ताकद आणायची, आणि ज्याच्या हातात यायची त्याचा हात क्षणभर एका जागी नाही. मेंढी बुडावर बसवलेली, आधी पोट, मग पाय, मान, मग पाठीवरून लांबच लांब हात, मनगट प्रत्येक वेळी वेगळ्या कोनात. म्हणजे नळीने वळायचं, खालीवर व्हायचं, आणि तरी आतल्या गाभ्याने न थांबता फिरत राहायचं. तुमच्या प्रोजेक्टच्या कागदावर पात्याची दहा ड्रॉइंग आणि शाफ्टला एक साधी रेघ असेल तर गणित तिथेच चुकलं.

फ्लेक्सिबल शाफ्ट बाजारातून आणली आणि जोडली

फ्लेक्सिबल शाफ्टचा गाभा म्हणजे तारांचे थर, एकावर एक उलटसुलट गुंडाळलेले. जुन्या स्कूटरची स्पीडोमीटर केबल उघडून बघितली असेल त्यांना कळेल, तसाच पण जाड. हा गाभा एका दिशेला फिरला की बाहेरचा थर आवळतो, उलट्या दिशेला फिरला की सुटतो. मुलं मोटर कुठल्या दिशेला फिरते ते बघतच नाहीत. सुटत्या दिशेला फिरवली की लोडवर गाभा फुगतो, नळीला आतून घासतो, नळी तापते, आणि दोष जातो ग्रीसला. आधी दिशा तपासा. मोटरची दिशा बदलता येत नसेल तर दुसऱ्या दिशेच्या गुंडाळीची शाफ्ट मागवा, मधे गिअर घालून जुगाड करू नका.

दुसरं म्हणजे वळण. नळी खालून मोटरपासून आणली की मेंढीच्या पाठीपर्यंत पोचताना ती काटकोनात मुडपते, आणि गाभा नेहमी तिथेच तुटतो. जुन्या शेडमध्ये ताकद वरून खाली यायची ती फक्त शाफ्ट वर होती म्हणून नाही, वरून लोंबणारी नळी माणसाबरोबर झुलते आणि तिचं वजनही हातावर येत नाही. पुढे लवचिक गाभ्याच्या जोडीला सांधे आणि गिअरवाली कडक नळीसुद्धा आली, ती आजही शेडमध्ये दिसते. तुम्ही मोटर वर टांगा. स्टँड नसेल तर खुंटीला टांगा, झाडाला टांगा, पण जमिनीवर ठेवू नका.

आणि तिसरं, जे सगळ्यात धोक्याचं. पातं लोकरीत अडकून जाम झालं की मोटर तर फिरतच राहते, गाभा पीळ खात जातो आणि एका क्षणी सगळी नळी सापासारखी उसळून हँडपीस (हातात धरायचा, पातं असलेला भाग) हातातून भिरकावते. त्यामुळे क्लच किंवा लोड वाढला की सुटणारी कपलिंग ही नंतर बसवू म्हणायची गोष्ट नाही. कातरणारा माणूस दोन्ही हातांनी मेंढीत गुंतलेला असतो, तो कुठे स्विच शोधणार? जुन्या शेडमध्ये प्रत्येक कातरणाऱ्याच्या जागेला लोंबती दोरी असायची, ओढली की त्या जागेचं घर्षणचाक वरच्या शाफ्टला लागायचं, पुन्हा ओढली की सुटायचं.

यावरून डनलॉप स्टेशनचं सांगतो. न्यू साउथ वेल्समध्ये डार्लिंग नदीकाठी लाउथजवळ. १८८८ मध्ये तिथे पहिल्यांदा एका अख्ख्या स्टेशनची कातरणी मशीनवर झाली, ४० जागा आणि सुमारे १,८४,००० मेंढ्या. मालक सॅम्युअल मकॉगी. आता विचार करा, एकाच शाफ्टवर ४० माणसं, त्यातल्या एकाचं पातं अडकलं म्हणून बाकी ३९ जणांनी थांबायचं का? प्रत्येक जागा स्वतंत्र बंद करता आली नसती तर हे मशीन डेमोच्या पुढे गेलंच नसतं. दोनतीन हँडपीस एका मोटरवर चालवायचा तुमचा विचार असेल तर हे आधी सोडवा.

कंगवा आणि कटर म्हणजे ट्रिमर नव्हे

हँडपीसमध्ये खाली स्थिर कंगवा असतो, तो कातडीला टेकून पुढे सरकतो, त्याचे दात लोकर वेगळी करतात आणि वरून कटर डावीउजवीकडे हलतो. दातांची टोकं बोथट गोल हवीत. वर्कशॉपवाला तुम्हाला छान टोकदार करून देईल, ती घेऊ नका, घेतलीच तर पॉलिश पेपरने मारा.

कटर सरळ रेषेत सरकवायचा मोह सगळ्यांना होतो, कारण पुस्तकात स्लायडर-क्रँक (गोल फिरण्यातून सरळ मागेपुढे सरकणं करणारी जोडणी) असतो. पण सरळ सरकायला गाइड (सरळ रेषेत धरून ठेवणाऱ्या खाचा) लागतात, आणि गाइडमध्ये पहिल्याच मेंढीला लोकरीचा मेण आणि माती बसते. जमलेल्या डिझाइनमध्ये कटर एका काट्याच्या टोकाला असतो, काटा मधे एका खुंटीवर झुलतो आणि त्याचं मागचं टोक क्रँकच्या छोट्या रोलरने हलतं. म्हणजे कटर सरळ न जाता किंचित कमानीत जातो. घासणारे भाग अगदी मोजके, आणि खुंटी कापायच्या जागेपासून लांब, घाण तिथपर्यंत पोचत नाही. साधी गोष्ट आहे पण मला विचाराल तर हा सगळ्या मशीनमधला सगळ्यात हुशार भाग आहे.

कुणी कुणी ग्राइंडरसारखी गोल फिरती चकती लावतं. नका लावू. मेंढीची कातडी सैल असते, मेरिनोची (ऑस्ट्रेलियातली बारीक लोकरीची जात) तर मानेवर घड्याच घड्या, चकती ती आत ओढते.

बसवताना दोन गोष्टी बघायच्या. कटरची टोकं कंगव्याच्या टोकांपेक्षा थोडी मागे हवीत, बरोबरीला आली किंवा पुढे गेली की कातडी कापलीच समजा, आणि फार मागे गेली की लोकर पात्यापर्यंत पोचायच्या आधी दातांत कोंबली जाते आणि ढकलायला जोर लागतो. दुसरं, कटर दोन्ही बाजूंना सारखा जायला हवा. मोटर बंद ठेवून हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघा, डावीकडे शेवटच्या दातावर जातो आणि उजवीकडे अलीकडेच थांबतो असं असेल तर कंगव्याचे स्क्रू ढिले करून तो सरकवा, काटा वाकवायला जाऊ नका.

कापत नाही? आवळ अजून!

हे तर अगदी हमखास. हँडपीसच्या वर एक टेन्शन नट असतो, तो काट्यावर दाब देतो आणि काटा कटरला कंगव्यावर दाबतो. कापलं नाही की माणूस नट आवळतो, दोन मिनिटं कापतं, मग धातू तापतो, धार जाते, परत आवळतो, शेवटी हँडपीस धरवत नाही. मेंढीला चटका बसतो आणि ती लाथा मारते, मग म्हणायचं मेंढी वाईट.

करायचं उलटं. नट सैल ठेवून सुरू करा, लोकर कंगवा आणि कटरच्या मधे शिरत असेल तर थोडा थोडा आवळा, स्वच्छ कापायला लागलं की हात काढा. तरी कापत नसेल तर प्रश्न दाबाचा नाही, धारेचा आहे. आणि तेल. मेंढीगणिक कंगव्यावर आणि काट्याच्या सांध्यांवर तेलाचे थेंब पडायलाच हवेत, मेंढी बदलताना तेवढा वेळ मिळतोच.

धार लावायची जागा म्हणजे कडेने घासणारा बेंच ग्राइंडर नव्हे. कंगव्याचा आणि कटरचा जो चेहरा एकमेकावर घासतो तो सपाट फिरत्या चकतीवर, एमरी (घासायची कणीदार पूड) लावून, घासायचा असतो, आणि तोही अगदी किंचित पोकळ राहील असा, म्हणजे दोन्ही एकमेकावर ठेवून उजेडासमोर धरले की टोकांना आणि मागे टेकतात आणि मधे केसाएवढी फट दिसते. पूर्ण उजेड दिसला किंवा टोकाला फट दिसली की ती जोडी बाजूला ठेवा. घासताना निळा रंग आला तर पोलादाचं पाणी उतरलं, तो कटर टाकूनच द्या.

वेग वाढवून बोथट पात्याची भरपाई होत नाही हेही इथेच सांगून टाकतो. फक्त लवकर तापतं.

पाच वर्कशॉपमधून पाच पार्ट

कंगवा एकाकडून, काटा दुसऱ्याकडून, बॉडी तिसऱ्याकडे कास्टिंग. स्वस्त पडतं, पण बसत नाही. हे तर वुल्सलीच्या कंपनीला चांगलंच भोवलं. कंपनी १८८७ मध्ये सिडनीत निघाली, १८८९ ला इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला गेली. पार्ट बाहेरून करून घेतले जायचे, त्यात खराब माल येत गेला, आणि शेवटी सदोष मशीनं परत घेऊन निस्तरायची वेळ आली. निस्तरलं ते हर्बर्ट ऑस्टिनने. होय, पुढे १९०५ ला ऑस्टिन मोटर कंपनी काढणारा तोच. ऑस्ट्रेलियात असताना त्याने मशीन शेडमध्ये चालताना बघून सुधारणा सुचवल्या होत्या, १८९३ ला तो बर्मिंगहॅमचं काम बघायला गेला आणि पार्ट स्वतःच्या छताखाली बनवायचं त्याने मनावर घेतलं. कातरणी हंगामी धंदा असल्याने उरलेल्या वेळात सायकली, मशीन टूल्स, आणि मग मोटारगाड्या!

तुम्हाला कारखाना काढायचा नाहीये. पण काटा, खुंटी आणि कंगव्याची बैठक हे तीन तरी एकाच माणसाकडून एकाच सेटिंगमध्ये करून घ्या.

घड्याळ लावून मोजणं

रिपोर्टमध्ये लिहायचं म्हणून सगळे 'हातकातर इतकी मिनिटं, मशीन इतकी मिनिटं' असा तक्ता करतात. १८८५ मध्ये मेलबर्नला लोकरीच्या गोदामात वुल्सलीच्या मशीनचा डेमो झाला तेव्हा हातकातरवाला आधी संपवून मोकळा झाला होता. मग त्यानेच कातरलेल्या मेंढ्यांवर मशीन फिरवलं आणि त्यांच्या अंगावरून आणखी लोकर निघाली. मालकांना पटलं ते तिथे. आणि नुसत्या वेगाचंच म्हणाल तर क्वीन्सलँडमध्ये जॅकी हाउने १८९२ ला, म्हणजे मशीनं आल्यावर, साध्या हातकातरीने ७ तास ४० मिनिटांत ३२१ मेंढ्या कातरल्या, आणि तो आकडा मशीनवाल्यांना १९५० पर्यंत मोडता आला नाही.

म्हणून तुमच्या तक्त्यात निघालेल्या लोकरीचं वजन हवं, दोनदा हात फिरल्यामुळे पडलेले आखूड तुकडे किती ते हवं, कातडीवरच्या जखमा हव्यात, आणि नवशिक्याने किती दिवसांत सराईतासारखं कापलं ते हवं. मशीनचा खरा फायदा या शेवटच्या रकान्यात दिसतो.

मेरिनोचं डिझाइन दख्खनीला जसंच्या तसं

वर सांगितलेलं सगळं मेरिनोवर तावूनसुलाखून निघालेलं आहे. मेरिनोची लोकर बारीक, दाट आणि मेणचट, ते मेण गरम असलं की कंगव्याला थोडं वंगणही मिळतं, थंडीत सकाळी घट्ट होतं तेव्हा तिथेही कंगवा अडतो. आपली दख्खनी मेंढी वेगळी. लोकर भरड, केसाळ, मेण कमी, आणि वाड्याबरोबर रानोमाळ फिरल्यामुळे माती आणि कुसळं भरपूर. म्हणजे इथे धार मातीने जाते, आणि वंगण सगळं तुमच्या तेलातूनच यायला हवं. कातरायच्या आधी मेंढ्या धुऊन पूर्ण वाळू द्या, ओल्या मेंढीवर मशीन लावूच नका, विशेषतः मोटर हातात असलेलं तर अजिबात नाही. घट्ट बारीक दातांपेक्षा थोडे विरळ दात घेऊन बघा आणि कटरच्या जास्तीच्या जोड्या बरोबर ठेवा, एका जोडीवर अख्खा कळप होणार नाही.

हिवाळ्याच्या तोंडावर कातरत असाल तर आणखी एक. मशीन हातकातरीपेक्षा अंगाच्या जवळून कापतं, त्यामुळे उघडी पडलेली मेंढी गारठते. न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेत थंड भागांमध्ये आजही काही कळप मुद्दाम हातकातरीने कातरतात, अंगावर थोडी जास्त लोकर राहावी म्हणून. जाड, उंच कंगवा मिळतो तो अशा वेळी लावायचा. आणि कोकरांची जावळ काढायला पहिल्याच दिवशी तुमचं प्रोजेक्टचं मशीन घेऊन जाऊ नका, धनगर हात लावू देणार नाही आणि त्याचं बरोबरच आहे.